पाठ आधी, पट्टी नंतर

चित्रं, जुने फोटो, साड्या, मानपत्रं फ्रेम करण्याबद्दल गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. बहुतेकांनी फ्रेमची पट्टी, म्हणजे बाहेरची चौकट, कोणती घ्यावी हे विचारलंय. पण पट्टीमुळे वस्तू खराब झाली असं क्वचितच होतं. ती खराब होते मागच्या हार्डबोर्डमुळे, पुढच्या काचेला टेकल्यामुळे आणि चिकटवलेल्या गोंदामुळे. म्हणून आधी त्याबद्दल लिहिलं आहे.

प्रदर्शनातून घेतलेलं जलरंगातलं उभं चित्र आहे, कागद 12 बाय 16 इंच. आमचा फ्रेमवाला म्हणतो, हार्डबोर्डला चिकटवून वर काच बसवू, माउंटची गरज नाही. घरात असंच केलेल्या एका चित्रावर पाच-सहा वर्षांत तपकिरी ठिपके आले आहेत. पट्टी सागवानी घ्यावी की फायबरची? — एक वाचक, रत्नागिरी

चिकटवू देऊ नका. पट्टीचं नंतर बघू.

कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. सगळ्या बाजूंनी चिकटवला की त्याला हलायला जागा राहत नाही आणि मधे लाटा येतात. हार्डबोर्ड तर लाकडाच्या लगद्याचाच असतो. तो ओल धरून ठेवतो आणि त्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं. काच चित्राला टेकलेली असेल तर पावसाळ्यात तिच्या आतल्या बाजूला येणारा दमटपणा थेट रंगावर बसतो आणि तिथे बुरशी धरते. तुमच्या जुन्या चित्रावर ठिपके आले त्यामागे बहुधा ही सगळी कारणं एकत्र आहेत.

माउंट म्हणजे मधे खिडकी कापलेला, चित्राभोवती बसणारा जाड पुठ्ठा. तो हवा काच आणि कागद यांच्यात हवेची फट ठेवण्यासाठी. नेहमीचा माउंट बोर्ड सुमारे 1.4 मिमी जाड असतो. तुमच्या हवेत दुप्पट जाडीचा मिळाला तर तो घ्या, नाहीतर दोन थर लावा. बोर्ड ‘अ‍ॅसिड-फ्री’ आहे एवढं ऐकून समाधान मानू नका. दुकानात पडून असलेला जुना तुकडा मागा आणि त्याची तिरकी कापलेली कड पाहा. साधा बोर्ड असेल तर ती कड पिवळी-तपकिरी झालेली दिसते, चांगल्या बोर्डाची पांढरी राहते. पूर्ण सुती लगद्याचा बोर्ड सगळ्यात चांगला. तोच चित्राच्या मागेही लावायचा, फक्त पुढे लावून उपयोग नाही.

आता मापं. माउंटच्या खिडकीने कागद प्रत्येक बाजूने पाव इंचाच्या निम्मा, म्हणजे सुमारे 3 मिमी झाकायचा. म्हणजे खिडकी झाली 11¾ बाय 15¾. सही अगदी कडेला असेल तर त्या बाजूला कमी झाका, सही माउंटखाली गेलेली चित्रं फार पाहायला मिळतात. वर आणि दोन्ही बाजूंना 3 इंच, खाली 3½ इंच माउंट सोडा. माउंटची खालची बाजू वरच्याइतकीच ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. या हिशेबाने माउंटचं बाहेरचं माप 17¾ बाय 22¼ येतं आणि त्याचा घेर 80 इंच. पट्टी 1 इंच रुंद असेल तर चार कोपऱ्यांच्या 45 अंशांच्या कापांसाठी रुंदीच्या आठपट, म्हणजे 8 इंच वाढवा. 88 इंच झाले, काप-घट धरून 8 फूट. फ्रेमवाला रनिंग फुटाने पैसे लावतो, तेव्हा हा आकडा आधीच काढून जा.

पट्टीची रुंदी माउंटच्या रुंदीएवढी नको. दोन्ही सारख्या असल्या की डोळ्याला पट्ट्यांची रांग दिसते आणि चित्र मागे पडतं. तुमच्या मापाला पाऊण ते 1 इंच पुरे. सागवान की फायबर? कोकणात फायबरच्या पट्टीला वाळवीचं भय नाही आणि ती फुगत नाही, त्यामुळे तिला नाक मुरडायचं कारण नाही. सागवान दिसायला अर्थातच वेगळं, पण ते पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात कोपऱ्यांचे सांधे उघडतात. यापेक्षा महत्त्वाची आहे पट्टीची आतली खाच. त्यात काय काय बसवायचं आहे ते मोजा: 2 मिमी काच, 2.8 मिमी माउंट, चित्र, 1.4 मिमी मागचा बोर्ड, 3 मिमी पाठीची शीट. सगळं मिळून 9 मिमीच्या पुढे जातं. म्हणजे खाच निदान 12 मिमी खोल हवी. कमी खोल असली की फ्रेमवाला एखादा थर गाळतो आणि तो बहुतेक वेळा मागचा चांगला बोर्डच असतो.

चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेने टांगायचं. जपानी कागदाचे, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाचे, दोन छोटे तुकडे घ्यायचे. त्यांची 6-7 मिमी कड चित्राच्या पाठीला लावायची, उरलेला भाग बोर्डावर सोडायचा आणि त्यावर त्याच कागदाची आडवी पट्टी लावायची. चिकटवायला खळ गव्हाच्या स्टार्चची. मैद्याची नको, कारण त्यातल्या ग्लुटेनला कसर आणि बुरशी दोन्ही लवकर लागतात. 1 भाग स्टार्च, 5 भाग पाणी, मंद आचेवर 20 ते 30 मिनिटं सतत ढवळत शिजवा, गार झाल्यावर बारीक चाळणीतून काढा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. ही खळ पुढे कधीही थोड्या ओलाव्याने सुटते. सेलोटेप सुटत नाही, त्याचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो. खळ करायची नसेल तर पॉलिस्टर फिल्मचे चार कोपरे करून त्यांत चित्र बसवा, म्हणजे चित्राला काहीच चिकटवावं लागत नाही. कोपरे मात्र घट्ट नकोत, कागदाला एक-दोन मिमी हलायला जागा ठेवा.

पाठीला हार्डबोर्डऐवजी पाट्या करायला वापरतात ती पन्हाळीदार प्लास्टिकची शीट लावा. तिला बाजारात सनपॅक म्हणतात. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, ओल घेत नाही आणि आम्ल सोडत नाही. सनबोर्ड ही वेगळी चीज आहे, ती पीव्हीसीची, ती नको. शेवटी काच, माउंट, चित्र आणि पाठ हा सगळा गठ्ठा चारही कडांनी अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद करून मगच पट्टीत बसवायचा. मागे नुसता खाकी कागद लावला तर तो कसरीचं खाद्य होतो.

हे सारं पावसाळ्यात करू नका. कागद आणि बोर्ड हवेतली ओल शोषून बसलेले असतात आणि टेप लावली की ती ओल आत कोंडली जाते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. त्यातही सगळं सामान आधी दोन दिवस कोरड्या खोलीत मोकळं पसरून ठेवा.

आजीची नऊवारी पैठणी आहे, साठ वर्षांपूर्वीची. घड्यांवर रेशीम चिरलं आहे, पदर मात्र शाबूत आहे. पदर कापून फ्रेम करावा असा सल्ला मिळाला. पदराचा पन्हा 46 इंच, लांबी 28 इंच. — एक वाचक, नाशिक

कात्री लावण्यापूर्वी साडी चादरीवर पूर्ण उलगडून प्रकाशासमोर पाहा. अंग अजून धड असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की कापू नये. पदर पुढे दिसेल असा ठेवून उरलेली साडी फळीच्या मागे घडी करून राहते. प्रत्येक घडीत पांढऱ्या टिश्यू कागदाची सैल गुंडाळी ठेवली की नवी चीर पडत नाही. फ्रेम त्यामुळे आणखी खोल होते, तेवढं मान्य करावं. अंगाच्या चिंध्याच झाल्या असतील आणि पदराच्या वर साडी आधीच आडवी फाटलेली असेल, तर त्या फाटीवरून पदर वेगळा करणं समजू शकतं. उरलेल्या तुकड्यांपैकी काठाचा एक तुकडा तरी जपून ठेवा.

पैठणीच्या फ्रेममध्ये सगळ्यात जास्त नुकसान करतात स्टेपलर, फेविकॉल आणि स्प्रेचा गोंद. रेशमाला गोंद लागला की तो परत निघत नाही, आणि स्टेपलची पिन गंजली की भोवतीचे धागे तुटतात. पदर शिवूनच बसवावा लागतो आणि ते काम फ्रेमवाल्याच्या दुकानात होत नाही. घरी किंवा हात हलका असलेल्या कुणाकडून करून घ्यावं.

फळी पदरापेक्षा प्रत्येक बाजूने 2 इंच मोठी, म्हणजे 50 बाय 32. सनपॅकच्या 5 मिमीच्या दोन शीट, एकीच्या पन्हाळी उभ्या आणि दुसरीच्या आडव्या, अशा जोडल्या की फळी वाकत नाही. तिच्यावर पातळ पॉलिस्टरची गादी आणि त्यावर मांजरपाट. मांजरपाटातली खळ पूर्ण जायला हवी, म्हणून तो गरम पाण्यातून दोनदा काढा, शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा आणि इस्त्री करून मागच्या बाजूने ताणून शिवा. रंगीत सॅटिन किंवा मखमल लावण्याचा मोह होतो, पण त्यांचा रंग दमट दिवसांत रेशमाला लागतो. फळीच्या पाठीला प्लाय किंवा एमडीएफ ठोकू नका. त्यांतून सुटणाऱ्या वाफा जरीला काळं पाडतात. रबर आणि लोकरी फेल्ट यांचंही तेच, त्यांत गंधक असतं.

शिवायला बारीक रेशमी धागा आणि वाकडी सुई. वरच्या कडेच्या मध्यावरून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जायचं. टाका 3-4 मिमीचा, दोन टाक्यांमधे 2 ते 3 सेंमी. सुई विणीच्या फटीतून गेली पाहिजे, जरीतून नाही. जरीचा धागा म्हणजे रेशमाभोवती गुंडाळलेली धातूची पट्टी. तिला भोक पडलं की ती उलगडत जाते. कडा झाल्या की आत दर 20-25 सेंमीवर वर-खाली सरकवलेले थोडे टाके घाला. नुसत्या वरच्या कडेवर सगळं वजन आलं तर दोन वर्षांत तिथेच पदर फाटेल.

काच पदरापासून निदान 12 मिमी दूर राहील अशी आतून पट्टी लावा. एवढ्या आकाराला 4 मिमी काच घेतली तर तिचंच वजन 10 किलोच्या वर जातं, तर काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचं, म्हणजे 4 मिमी अ‍ॅक्रिलिकचं साधारण 5 किलो. इथे अ‍ॅक्रिलिकच घ्या. कापड, गादी, फळी, फट सगळं मिळून पट्टी आतून निदान दीड इंच खोल लागेल.

काळ्या पडलेल्या जरीला चिंच, लिंबू, टूथपेस्ट काहीही घासू नका. आत डांबरगोळ्याही नकोत, बंद जागेत त्यांचे कण परत कापडावर बसतात. आणि उजेड. अतिनील किरण अडवणारी काच घेतली तरी साधा दिसणारा उजेडही रंग उडवतोच. संग्रहालयांत कापड आणि कागदासाठी 50 लक्स एवढाच उजेड ठेवतात, तो आपल्या दिवाणखान्यातल्या दिवसाच्या उजेडापेक्षा खूप कमी असतो. म्हणून फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर नको, आणि घरात वावर नसेल तेव्हा वर सुती पडदा सोडा. उडालेला रंग कुणालाही परत आणता येत नाही.

वाड्यातून आणलेलं लक्ष्मीचं जुनं छापील चित्र आहे, खाली रविवर्मा प्रेसचं नाव दिसतं. फ्रेम कुजली आहे. नवीन करताना खालचा पिवळा पडलेला भाग कापून टाकावा का? — एक वाचक, सातारा

मुळीच नाही. त्या पिवळ्या भागातच चित्राची ओळख आहे. रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. प्रेसचं नाव, गाव, चित्राचं शीर्षक या खालच्या ओळींवरूनच चित्र कोणत्या काळात छापलं याचा अंदाज बांधता येतो. ओळ कापलेली प्रत अभ्यासकाच्या आणि घेणाऱ्याच्याही दृष्टीने उणी ठरते. माउंटची खिडकी ही ओळ दिसेल अशी ठेवा.

जुनी फ्रेम उघडताना जाड टॉवेलवर पालथी घाला आणि गंजलेल्या चुका पकडीने एकेक करून सरळ वर ओढा. पाठीला पातळ फळ्या असतील तर फटींच्या जागी चित्राच्या मागे तपकिरी रेघा उमटलेल्या दिसतील. फळ्या काढून टाका, पण त्यांवर दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. चित्रावर वॉर्निश असलं तरी ओला कपडा फिरवू नका, खालचा कागद आम्लाने ठिसूळ झालेला असतो. मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. अंगावर जर-टिकल्या शिवलेल्या असतील तर काचेपासून 10 ते 12 मिमी फट ठेवावीच लागेल, नाहीतर टिकल्यांचे ठसे चेहऱ्यावर उमटतात.

पट्टी मूळ सागवानी असेल आणि एकच कोपरा कुजला असेल तर सुतार तेवढा तुकडा बदलून देतो. जुन्या चित्राला शक्य तोवर त्याचीच चौकट शोभते, आत मात्र पहिल्या उत्तरात सांगितलेली पाठ आणि माउंट नवे घाला.

आईवडिलांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. पाण्यात भिजवला की सुटेल असं ऐकलं. — एक वाचक, ठाणे

भिजवू नका, ओढू नका, सुरी घालू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ होऊन काचेला धरतो, आणि ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. हाताने रंगवलेला फोटो असेल तर पाण्यात रंगही जातील.

फोटो आणि काच एकत्रच फ्रेममधून काढा. काच बाहेरून कोरड्या कपड्याने पुसून फोटो काचेतूनच टिपून घ्या. स्वस्त पातळ स्कॅनर काचेच्या जाडीमुळे धूसर प्रत देतात. त्यापेक्षा कॅमेरा वरून सरळ धरा आणि दोन्ही बाजूंनी 45 अंशांत सारखा उजेड पाडा, म्हणजे काचेत चमक येत नाही. या प्रतीचा छाप काढून तो भिंतीवर लावा. मूळ फोटो काचेसकट, चित्राची बाजू वर ठेवून, आडवा खोक्यात ठेवा. सोडवायचाच असेल तर ते संवर्धकाचं काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल.

आजोबांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, 1972 मध्ये मिळालेला ताम्रपट, एक पदक आणि काही पत्रं एकाच फ्रेममध्ये लावायची आहेत. — एक वाचक, सांगली

खोल पेटीसारखी फ्रेम करा, आतून निदान दीड इंच. ताम्रपट चकचकीत करून लावायची इच्छा होईल, पण चिंच-मीठ किंवा पितळेची पावडर प्रत्येक वेळी थोडा धातू खरवडते आणि अक्षरं पुसट होत जातात. हात धुऊन, कोरडे करून, सुती मोज्यांनी धरा. उघड्या बोटाचा घाम तांब्यावर ठसा होऊन काळवंडतो. चिकटवण्याऐवजी पितळी तारेचे चार लहान आकडे करा, त्यांवर पातळ प्लास्टिकची नळी चढवा आणि कडांना धरा. पदकाची फीत फळीवरच्या सुती कापडाला चार टाक्यांनी शिवा. पदक जड असेल तर त्याच्या खालून आणखी एक आकडा द्या, फितीवर भार नको.

पत्रं मात्र या पेटीत घालू नयेत असं आम्हाला कळकळीने वाटतं. शाई उजेडात उडते, फाउंटन पेनची तर लवकरच. पत्राची चांगली रंगीत प्रत लावा, मूळ पत्र अ‍ॅसिड-फ्री फोल्डरमध्ये, घडी न घालता ठेवा.

मुलांच्या खोलीत काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावावं का? आणि नव्या इमारतीत खिळा भिंतीत धरत नाही, जड फ्रेम कशी टांगावी? — एक वाचक, पुणे

मुलांच्या खोलीत आणि पलंगाच्या डोक्याशी अ‍ॅक्रिलिकच. एकच अपवाद: कोळशाचं किंवा पेस्टलचं चित्र. अ‍ॅक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि ती सुटी पूड ओढून घेते, तिथे काच हवी. अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी अ‍ॅक्रिलिकला चालत नाही, ते धुरकट होतं. काच असो की अ‍ॅक्रिलिक, फवारा कपड्यावर मारा, फ्रेमवर नाही, कारण ओघळ खालच्या खाचेतून आत शिरतो आणि माउंटची खालची कड पहिली डागाळते.

तुमच्या इमारतीतल्या भिंती बहुधा हलक्या ब्लॉकच्या आहेत. त्यांत साधा खिळा आणि साधा प्लग दोन्ही ढिले होतात. या ब्लॉकसाठी वेगळे रुंद आट्यांचे नायलॉन प्लग मिळतात, ते घ्या. ड्रिल ठोक्याच्या सेटिंगवर नको, नुसतं फिरवा, नाहीतर भोक मोठं होतं. फ्रेमच्या पाठीला दोन कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर लावा आणि भिंतीत एकाऐवजी दोन आकडे द्या. एकाच आकड्यावर तार ताठ ताणून टांगली तर तारेवरचा ताण फ्रेमच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि कोपऱ्यांचे सांधे सुटतात ते यामुळेच.

चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमीवर येऊ द्या. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या 6 मिमी जाड चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि पाठ यांच्यात हवा खेळते. पावसाचा मारा येणाऱ्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर कागदाचं किंवा कापडाचं जपायचं असं काहीही टांगू नका. तिथे जागा भरायचीच असेल तर छापील पोस्टर लावा.